मास्तरांचं आवडतं वचन

तुम्ही गेलात त्या दुपारी नांदेडच्या दवाखान्यातली लिफ्ट बंद होती. चौघांनी तुम्हाला चादरीत धरून जिन्यानं खाली आणलं. जन्मभर वर जायची तयारी केलेला माणूस, आणि निघाला तो असा, पायऱ्या उतरत, वळणावर डोकं भिंतीला घासत. तुमचा शिष्य शमुवेल रडत होता आणि मधूनमधून सांभाळून, सांभाळून म्हणत होता. मी मागून तुमचा तांब्या, चष्मा आणि चपला घेऊन उतरत होते. मला हसू आलं. हे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

कर्णा वाजला नाही की आकाश फाटलं नाही. खाली आलो तर फाटकाजवळ रसवंती चालू होती आणि एक बाई लेकराला रसावरचा फेस फुंकून पाजत होती. तुमच्या मरणानं जगाचं काही अडलं नाही, मास्तर. हदगावात तुम्हाला सगळे मास्तरच म्हणायचे. एसटीतल्या कंडक्टरला तसं म्हणतातच, पण तुमच्या बाबतीत लोकांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवण्यात हयात घालवली, ती नुसती बाई राहिले. तुम्ही तिकिटं फाडून झाल्यावर जगाचा शेवट शिकवायचात, म्हणून तुम्ही मास्तर.

आज तुमची स्मरणसभा झाली. पाहुणे पांगले, मांडवाच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या. सभेत मी जे केलं ते तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला ते आवडणार नाही, म्हणून तर आधी तुम्हालाच सांगायचंय.

तुमचा तो कापडी तक्ता आज प्रार्थनागृहात तुमच्या फोटोमागं टांगला होता. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातला, राजाच्या स्वप्नात आलेला पुतळा, सोन्याच्या डोक्यापासून मातीच्या पावलांपर्यंत, आणि समुद्रातून निघालेले ते चार प्राणी. लातूरच्या एका पेंटरकडून तुम्ही तो करून घेतला होता. बिचारा किराणा दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. त्याचा सिंह चहापत्तीच्या पुड्यावरच्या सिंहासारखा झाला आणि दहा शिंगांचा प्राणी पोळ्याला सजवलेल्या बैलासारखा. तो तक्ता पिशवीत घालून तुम्ही हिमायतनगरपर्यंत वाड्यावस्त्यांवर फिरलात. सगळं ऑइलपेंटमध्ये, फक्त जगाच्या शेवटाचं साल खडूनं लिहिलेलं. खडू माझ्या शाळेतून नेलेला. साल निघून गेलं की ओल्या फडक्यानं पुसायचं आणि नवीन लिहायचं. चुकलं असं एकदाही म्हणाला नाहीत. मुदत वाढली, असं म्हणायचात.

दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, की तुमचा चेहरा उजळायचा. आपल्याकडं जमीन गुरगुरायची, मांडणीतली भांडी वाजायची, लोक लेकरं उचलून रस्त्यावर धावायचे, आणि तुम्ही मात्र दारात उभं राहून वर बघायचात. पानटपरीवर पैसे द्यायला मोबाइलनं टिपायचा चौकोन आला तेव्हा तर तुम्ही तीन सभा घेतल्यात, की शास्त्रात सांगितलेलं, ज्याच्याशिवाय काही विकत घेता येणार नाही ते चिन्ह हेच. मी चेष्टा करायचे, की मास्तर, श्वापदाचं चिन्ह दाखवल्याशिवाय आता तंबाखूसुद्धा मिळत नाही. तुम्ही हसायचात. हसायला तुम्ही कधी कंजुषी केली नाहीत, हे कबूल करते.

आणि तुम्ही मला आवडत होतात. तेही इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी सुरुवातीपासून दात धरून होते. पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं ते रेणापूर-लातूर गाडीत. मी डीएडला होते. दिवस भरलेली एक बाई दांड्याला धरून उभी होती आणि पुढच्या सीटवर पांढऱ्या कपड्यातला कुणी पुढारी ऐसपैस बसला होता. तुम्ही बेल मारून गाडी रस्त्यातच थांबवलीत. त्या पुढाऱ्याला म्हणालात, "बाई बसल्याबिगर गाडी हालत न्हाई." तो ओळखी सांगायला लागला, साहेबांची नावं घ्यायला लागला. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. शेवटी उठला तो. काही महिन्यांनी आमच्या घरी चर्चच्या मंडळीतून तुमचं स्थळ आलं, तेव्हा मी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही.

लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि भूकंप झाला. रेणापूरहून मंडळीतली पोरं औशाकडं निघाली, त्यांच्याबरोबर तुम्हीही गेलात. कित्येक दिवस तुमचा पत्ता नव्हता. आलात तेव्हा बोटांची नखं उखडलेली, कपड्यांना असा वास की ते मी जाळूनच टाकले. तिथं काय पाहिलं ते तुम्ही एकदाच बोललात. मातीच्या जाड भिंतीखाली एक बाई होती, तिच्या अंगावर लेकरू पीत होतं, ते तसंच होतं. ओढून वेगळं करता येईना म्हणून दोघांना एकत्रच उचलावं लागलं. त्यानंतर तुम्ही पवित्र शास्त्र उघडून बसलात ते बसलातच. जैतुनाच्या डोंगरावर प्रभू येशू शिष्यांना शेवटच्या दिवसांविषयी सांगतात, तिथं त्या दिवसांत गरोदर असणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी त्यांनी हळहळ केलीय. ते वचन तुम्ही पुन्हा पुन्हा वाचलंत. मला वाटलं, शोक करताय. मी चहा आणून ठेवायचे आणि आवाज न करता निघून जायचे.

एके दिवशी तुम्ही लातूरहून जपून पावलं टाकत आलात. मी भाकरी थापत होते. तुम्ही चुलीपाशी पाटावर टेकलात आणि सांगितलंत, की ऑपरेशन करून आलोय. आता लेकरू होणार नाही. देवानं वेळीच डोळे उघडले, नाहीतर आपल्याही पदरात तेच आलं असतं. तव्यावरची भाकरी जळली, ती मी तशीच कुत्र्याला टाकली. मी विचारलं, लेकरं नसलेल्या माणसाचं असं ऑपरेशन करतातच कसं? तेव्हा तुम्ही जरा अभिमानानंच सांगितलंत. तिथल्या माणसानं विचारलं, मुलं किती? तुम्ही म्हणालात, दोन. मोठा पोरगा, धाकटी पोरगी. त्यानं नावं विचारली, तर तीही सांगितलीत.

कुठली नावं, ते मी तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारायचं धाडस झालं नाही. दर जूनमध्ये पहिलीच्या वर्गाची नावं हजेरीत चढवताना एखाद्या नावावर माझा हात थांबायचा. हे असेल का? तुमच्या डोक्यात क्षणभर का होईना दोन लेकरं जन्माला आली होती, त्यांची नावं एका परक्या माणसाला कळली आणि मला नाही. आता तर कळायची सोयच उरली नाही. ती तुमच्याबरोबर मातीत गेली.

लोकांना सांगू नको म्हणालात, त्यांना झेपणार नाही. मी सांगितलं नाही. मला वाटलं, सावरतील, एखाद्या वर्षात मनातलं जाईल, काही इलाज असेल. आपण बदलीनं हदगावला आलो, वर्षं जात राहिली. तक्त्यावरचं साल दरवेळी पुढं सरकायचं. तुमच्या देवाची मुदत वाढत होती आणि माझी संपत चालली होती, हे तुम्हाला दिसत नव्हतं असं मी मानत नाही. तुम्ही हुशार माणूस होतात. मी अनाथाश्रमातून एखादं आणू म्हटलं, तर म्हणालात, त्यालाही त्या दिवशी पळावं लागेल. हे म्हणताना तुमच्या मांडीवर शेजारच्यांचा पोरगा बसून तुमची कंडक्टरची शिट्टी वाजवत होता. गाडीतसुद्धा लोकांच्या लेकरांना कौतुकानं घंटीची दोरी ओढू द्यायचात. दुसऱ्यांची लेकरं चालत होती तुम्हाला, त्यांच्या आयांची दैना झाली तरी तुमचं काही जाणार नव्हतं.

आणि मला लोक काय म्हणत होते ते तुम्ही ऐकत होतात. तुमच्या आक्का, रेणापूरच्या, त्या तर तोंडावर म्हणायच्या. त्यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आपण गेलो होतो. मी लेकरू मांडीवर घेतलं होतं, त्यानं माझी बांगडी धरली होती. आक्का आल्या आणि सगळ्या बायकांसमोर ते उचलून घेतलं. म्हणाल्या, वांझेच्या हातात कशाला देता गं पहिलं लेकरू. तुम्ही समोरच पंगतीत बसला होतात. तुम्ही मान वर केली, माझ्याकडं पाहिलंत आणि वाढणाऱ्याकडं आणखी कालवण मागितलंत. तुम्ही फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. तेवढं बोलला असतात तर बाकी सगळं मी माफ केलं असतं, अगदी मनापासून.

आपला वाद कधी संपला नाही. मी म्हणायचे, तो सगळा भाग एका दमात वाचा. संकट दिसलं की डोंगराकडं पळा, घराच्या धाब्यावर असाल तर सामान घ्यायला खाली येऊ नका, शेतात असाल तर अंगरखा आणायला मागं फिरू नका, आणि हे पळणं थंडीत होऊ नये म्हणून प्रार्थना करा. मग तुम्ही थंडीच पडू द्यायची नाही असं का नाही ठरवलंत? पळायची वेळ आली तर कुणाचे हाल जास्त होतील, ते प्रभू मोजतायत. गर्दीच्या गाडीत तुम्ही आधी पोटुशी बाई कुठंय ते बघत होतात ना, तसं. तुम्ही तिला जागा करून द्यायचात. आणि वचन वाचलंत तेव्हा त्याचा अर्थ असा लावलात, की तिला गाडीत चढूच द्यायचं नाही.

तुम्ही म्हणालात, "तू पोरांना शिकव. वचनाच्या भानगडीत पडू नको." एवढंच उत्तर होतं तुमच्याकडं. भाकितांचा अर्थ लावायला गावोगावचे लोक तुमच्याकडं यायचे आणि बायकोच्या एका प्रश्नाला तुम्ही पाठ फिरवून झोपून जायचात.

तरी मला कावीळ झाली होती तेव्हा रजा टाकून तुम्हीच मला पेज भरवलीत. हिमायतनगरच्या फेरीला गेलात की सीताफळं आणायचात, डोळे उघडलेली, उद्या पिकतील अशी. माझ्या शाळेतल्या पोरांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला नांदेडला नेताना गाडीत त्यांच्याशेजारी उभं राहून पाढे म्हणून घेतलेत. हे सगळं माझ्या लक्षात आहे. मी ते नाकारत नाही. पण मला तुमच्या चांगुलपणाचा राग येतो. तुम्ही वाईट असतात तर मी केव्हाच माहेरी निघून गेले असते आणि माझा संसार दुसरीकडं कुठंतरी झाला असता.

मग शेवटचे दिवस आले, तुमचे एकट्याचे. फुप्फुसात पाणी झालं, नांदेडला नेलं. बेडपॅन मी दिलं, तोंड मी पुसलं, चमच्यानं दूध मी पाजलं. एके दिवशी नवी नर्स आली होती, केरळची असावी, तिचं मराठी तुटकं. औषध आणायला धावपळ कोण करणार, मुलंबाळं कुठं आहेत, असं तिनं विचारलं. मी मोसंबी सोलत होते. मला वाटलं तुम्ही झोपलात. तुम्ही डोळे उघडले आणि सांगितलंत, "देवानं दिलं न्हाई."

मी मोसंबी सोलत राहिले. ती नर्स माझ्याकडं कीव करून बघत होती. तुम्ही काही भ्रमात नव्हतात, मास्तर. पाच मिनिटांपूर्वी तुम्ही मला घराच्या मोटारीचं बटण बंद केलंस का म्हणून विचारलं होतंत. शुद्धीवर असताना, मरणाच्या दारात, दुसरं कुणी ओळखीचं ऐकायला नसताना, तुम्ही खोटं बोललात आणि ते देवाच्या माथी मारलंत. त्याच देवाच्या, ज्याच्या येण्याची वाट बघत होतात. मी बिया काढून मोसंबीच्या फोडी तुमच्या तोंडात घातल्या आणि तुम्ही चघळल्यात. एवढं होऊन मी तुमचं तोंड पुसलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. रडले मी. मला वाटलं होतं रडू येणार नाही, पण आलं, आणि पुढं रोज येत राहिलं.

मातीनंतर आपल्या घरी चूल पेटली नाही. रिवाजाप्रमाणं मंडळीतल्या बायका डबे आणत होत्या. शमुवेलची बायको प्रीती डबा घेऊन आली. तिनं झाकण उघडलं आणि वरणाचा वास लागताच मोरीकडं धावली. मी पाठीवरून हात फिरवला. कितवा महिना, म्हटलं. तिसरा. मी म्हटलं, चांगलं झालं, मरणाच्या घरात चांगली खबर आणलीस. तर ती मोरीच्या कट्ट्यावर बसून हुंदके द्यायला लागली. शमुवेल ठेवू द्यायला तयार नव्हता. मास्तरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं म्हणे, हिशोब जवळ आलाय, आत्ता नको. सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी तिचं नावही घालू दिलं नव्हतं. स्मरणसभा झाली की नांदेडला जाऊन पिशवी साफ करून यायचं ठरलं होतं.

"मास्तरांना तर काय, देवानं दिलंच न्हवतं, बाई. त्यांना काय कळणार," ती म्हणाली. ती माझ्यावर दया करून बोलत होती, पोरगी.

म्हणजे तुम्ही त्यालाही तसंच सांगितलं होतं. स्वतः काय करून आलात ते नाही सांगितलंत. त्यासाठी काय मोजलं, कुणी मोजलं, तेही नाही. रिक्षा चालवणारा साधा पोरगा, तुमच्या शब्दावर जीव टाकणारा. त्याला तुम्ही फक्त वचन दिलंत आणि तक्ता दिलात. मी प्रीतीला पाणी दिलं आणि म्हटलं, सभेपर्यंत थांब, आणि सभेला पहिल्या ओळीत माझ्याजवळ बस.

आपल्या मंडळीत स्मरणसभेची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आधी पाळक बोलतात, मग लोक उठून साक्ष देतात, मेलेल्या माणसाचं सगळं चांगलं. सगळ्यात शेवटी विधवा उठते, डोक्यावर पदर घेऊन त्याचं आवडतं वचन वाचते आणि बसते. त्याहून जास्त आजवर कुणी काही बोललेलं नाही. पाळकसाहेब आदल्या दिवशी विचारायला आले होते. म्हणाले, मेंढपाळाचं स्तोत्र लावू या का, सगळ्यांचं तेच असतं. मी म्हटलं, मास्तरांचं वेगळं होतं, मी वाचेन.

साक्षी झाल्या. डेपोतले तुमचे दोस्त बोलले, एका म्हाताऱ्यानं सांगितलं की मास्तरांनी जागं राहायला शिकवलं. शमुवेल बोलता बोलता रडला. म्हणाला, मास्तरांनी शिकवलेलं मी घरापासून पाळून राहिलोय. प्रीतीनं माझा हात दाबला. मी उठले. तुमचं शास्त्र उघडलं, तर पान शोधावंच लागलं नाही. तुमच्या अंगठ्यानं तिथला कागद पिवळा पडलाय. मी ते वचन वाचलं, सावकाश, वर्गात वाचते तसं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. स्मरणसभेत गरोदर बायकांचं काय काढलं, असं त्यांना वाटलं असणार. मी शास्त्र मिटलं आणि बसले नाही.

"मी वांझ नाही," मी म्हटलं. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी ऑपरेशन करून घेतलं, या वचनापायी, मला न विचारता. दोन लेकरं आहेत असं खोटं सांगून. जगाचा शेवट होणार होता म्हणून. तो झाला नाही. लोक मला बोलत राहिले आणि हे ऐकत राहिले. शमुवेल, तुला तक्ता दिला तेव्हा हे सांगितलं नाही मास्तरांनी. आता तुझ्या घरात लेकरू येतंय. त्याला येऊ दे."

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं, तेही इतक्या वरच्या पट्टीत की कुणालाच म्हणता येईना. तुमचा फोटो तिथंच होता, हार घातलेला, हसरा. मला थोडा आनंद झाला, आणि तो काही पवित्र आनंद नव्हता. तुमचं नाव सगळ्यांच्या देखत खाली पडताना मी पाहिलं. माझं रोज थोडं थोडं पाडलं होतंत, तुमचं मी एका बैठकीत पाडलं.

नंतर शमुवेल मांडवात माझ्याकडं आला. खरं आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मास्तरांनी लातूरला कोणत्या साली काय केलं ते कागदावर नसेल, पण मला बघ, मी आहे. तो आत गेला, तक्ता उतरवला, गुंडाळला आणि काय करू असं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या रिक्षाच्या टपावर घाल, गळतं म्हणतोस ना. तो हसला नाही, पण घेऊन गेला. जाताना प्रीतीला म्हणाला, सकाळी बाईंच्या दारात रिक्षा लावतो, दोघी मिळून दवाखान्यात जाऊन या.

इथंच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्यासाठीही. मी ठरवलं होतं, आता हिशोब मिटला, आता मनमोकळं रडायचं, आणि रविवारी कब्रस्तानात फुलं घेऊन यायचं. चहा चालला होता. तुमच्या आक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. डोळ्यांनी आता कमी दिसतं त्यांना. मला वाटलं, या बाईला आज धक्का बसला असणार, इतकी वर्षं मला काय काय बोलल्या, आता तोंड कसं दाखवतील. खरं सांगते, मला त्यांची दया आली. मी स्वतः कप घेऊन त्यांच्याकडं गेले.

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं. त्याच साली येऊन सांगून गेला होता मला. म्हणला, आक्का, लोकं इचारायलेत, तू तिच्यावरच ढकल. मी वचन सांगत फिरतो, माझं नाव खराब व्हायला नको. तिचं काय, ती सोसते. त्यानं सांगितलं म्हणून बोलत होते मी. एरवी तुझ्याशी माझी काय दुष्मनी होती?"

मी कप त्यांच्या हातात नीट दिला, कानाचा भाग त्यांच्या बोटांकडं करून. बिस्किट हवं का विचारलं. हवं म्हणाल्या, तर तेही दिलं.

सकाळपर्यंत मी तुमच्यासाठी रडत होते, सगळं माहीत असून. ते तिथं थांबलं. उद्या प्रीतीचं नाव घालायला दवाखान्यात जायचंय, रांगेसाठी लवकर निघावं लागेल. फुलं घेऊन तुमच्याकडं आक्का येतील.